पापड वर, सरपंच फोटोओळीत

वर एकांनी लिहिलंय की पीआर (जनसंपर्क) एजन्सीचं 'स्टाफ ट्रेनिंग' म्हणजे हॉटेलातलं जेवण, आणि बचत गटांच्या कार्यशाळा म्हणजे सीएसआरच्या, म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीच्या खर्चाच्या, फोटोपुरत्या. पहिल्याशी सहमत. दुसऱ्याबद्दल थोडं.

मी पुण्यात एका छोट्या एजन्सीत सात वर्षं काढली. भोरकडच्या एका गटाला प्रेसनोट लिहायला शिकवायला आम्ही दोन ज्युनिअर गेलो होतो. त्यांनी लिहिलेली बातमी दीपप्रज्वलनानं सुरू, मग सत्कार, मग अकरा मान्यवरांची नावं. गटानं नाचणीच्या पापडांचं युनिट काढलंय, हे शेवटून दुसऱ्या ओळीत! मी ते वर घेतलं तर एक मावशी म्हणाल्या, "अहो, सरपंचांचं नाव खाली गेलं तर रुसतील ना ते." याचं उत्तर आमच्या एकाही स्लाइडमध्ये नव्हतं. शेवटी पापड वर आणि सरपंच फोटोओळीत, असा तह झाला. परतताना एसटीत लक्षात आलं, क्लायंटच्या एमडींचं नाव आम्हीही असंच वर कोंबतो.

सीएसआरची मात्र गल्लत होतेय. कंपनी कायदा २०१३, कलम १३५ चं, सरासरी नफ्याचे २ टक्के सीएसआरवर खर्चायचं बंधन लागतं ते ५०० कोटी नेटवर्थ, १००० कोटी उलाढाल किंवा ५ कोटी निव्वळ नफा असेल तर. छोट्या एजन्सी त्यात कुठून बसणार? शिवाय स्वतःच्या कर्मचाऱ्यांच्या ट्रेनिंगचा खर्च सीएसआरमध्ये दाखवता येतच नाही.

आमचा खर्च एसटीच्या तिकिटांचा. पिठलं-भाकरी त्यांनीच घातली.