‘एसएमपीएस कुठलाही चालतोय’ म्हणणाऱ्यांनी एकदा आमच्या पेठेत येऊन दाखवा

तिकटीवरचा

सकाळी गंगावेस_गेमरचं उत्तर वाचलं आणि हातातला चहा गार झाला. एका पोरानं साधं विचारलं होतं, ६० हजारांत गेमिंगचा पीसी कसा जोडू. साहेबांनी सांगितलं : निम्मे पैसे ग्राफिक कार्डात घाल, एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) कॅबिनेटबरोबर येतो तोच ठेव, यूपीएस म्हणजे पैशाला चूड लावणं, बाकीचे शहाणे उगाच भीती घालतात. आणि खाली लोक ‘विषय हार्ड’ म्हणून नाचतायत.

निम्मे पैसे कार्डात, इथवर भांडण नाही. पुढचं ऐक.

२०२२ ला मी मावसभावाला पीसी जोडून दिला. आरटीएक्स ३०६० कार्ड घेतलं, आय५-१२४००एफ प्रोसेसर घेतला, आणि शेवटी खिसा रिकामा झाला म्हणून कॅबिनेटमधला ‘५०० वॅट’चा डबा तसाच ठेवला. डब्यावरचं स्टिकर आम्ही वाचलं ते जळल्यावर. १२ व्होल्टच्या रकान्यात १८ अँपियर. गुणाकार कर, २१६ वॅट. कार्ड आणि प्रोसेसर दोघंही त्याच १२ व्होल्टच्या ताटात जेवतात. एकटं कार्डच १७० मागतंय. बाकीचा आकडा ३.३ आणि ५ व्होल्टचं पाणी घालून वाढवलेला. मे महिन्यात एका संध्याकाळी फट् झालं, खोलीभर वास, आणि जाताना मदरबोर्डही घेऊन गेला. कार्ड वाचलं ते अंबाबाईची कृपा.

आता दुसऱ्या टोकाला जाऊन ८५० वॅटचा पण घेऊ नका. आरटीएक्स ४०६० कार्डाचे ११५, १२४००एफ पूर्ण ताणला तर ११७, पंखे-एसएसडी-बोर्डाचे ५० धरा. ३०० च्या आत खेळ. चांगल्यातला ५५० पुष्कळ झाला. आणि ‘८० प्लस’चा शिक्का वीज किती वाया जाते एवढंच सांगतो, डबा किती वर्षं टिकेल ते सांगत नाही. दुकानात तो शिक्का हॉलमार्कसारखा दाखवतात.

माझं म्हणणं एवढंच. पीसी जोडायला सुरुवात भिंतीतल्या सॉकेटपासून करा. कार्ड शेवटी.

गंगावेस_गेमर

चहा गार झाला म्हणून एवढं लिहिलंस, जेवण गार झालं असतं तर कादंबरीच आली असती.

माझ्याकडं हेच कार्ड, हाच प्रोसेसर, कॅबिनेटचाच एसएमपीएस. तीन वर्षं झाली. ढिम्म हललेलं नाही. तुझा एक मावसभाऊ म्हणजे पुरावा, आणि मी म्हणजे कोण, भूत?

यूपीएसचं पण सांगतो. ६०० व्हीएचा घेतला होता. लाईट गेली की पीसी त्याच क्षणाला आडवा, आणि यूपीएस मात्र टी-टी करत जिवंत. शेवटी बहिणीच्या वायफायच्या डब्याला लावला. म्हणून लिहिलं, पैसे वाया. अनुभवावरनं लिहिलं.

कळंब्याची_पोर

गेमर, ६०० व्हीए म्हणजे ३६० वॅट. तुझं कार्ड १७०, प्रोसेसर ११७, वर मॉनिटर, आणि तुझा तो डबा भिंतीतनं ओढलेल्यातलं बरंच उष्णतेत घालवणार. गेम चालू असताना तू ३६० च्या दारात उभा होतास. बॅटरी जरा जुनी असेल तर तेवढं पण नाही. यूपीएसची काय चूक?

पण तिकटीवरच्यानं एक गोष्ट सोयीस्कर गाळली. चांगला एसएमपीएस घेतला की त्यात ॲक्टिव्ह पीएफसी (भिंतीतली वीज नीट, एकसारखी ओढणारी सर्किट) असते, आणि स्वस्तातल्या यूपीएसची किंवा घरच्या जुन्या स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरची ओबडधोबड वीज तिला पचत नाही. म्हणजे तुझा सल्ला ऐकून भारी डबा घेणाऱ्याचा पीसी जुन्या यूपीएसवर आणखीच रुसून बसणार. भिंतीतल्यासारखी गुळगुळीत वीज देणारा प्युअर साइन वेव्ह यूपीएस घ्या म्हणून सांग, आणि त्याची किंमत पण सांग.

आता माझा मुद्दा. ८ जीबी मेमरीच्या कार्डात पैसे घालू नका. मी गेम खेळतो, वर लग्नांचे व्हिडिओ एडिट करतो, ८ जीबी कुठं संपते ते रोज बघतो. ५०६० टीआय कार्ड एकाच नावानं दोन प्रकारांत येतंय, ८ आणि १६. मी १६ चं विचारलो तर दुकानदार म्हणाला, “तेच आहे मॅडम.” ते सुद्धा माझ्याकडं न बघता, शेजारी उभ्या असलेल्या भावाला. भावाला माउसची वायर कुठं लावायची ते कळत नाही! बिल माझ्या नावावर, पैसे माझे, आणि वॉरंटीचं कार्ड त्याच्या हातात दिलं. त्या दुकानात परत पाय ठेवलो नाही.

पुण्यातला_कोल्हापुरी

ताई, ६० हजारांत १६ जीबीचं कार्ड बसवून उरलेल्या पैशात काय, कॅबिनेटऐवजी पितळेचा डबा वापरायचा का? ८ जीबीवर १०८० पीला सेटिंग थोडं खाली घेतलं की सगळं चालतं. प्रत्येकाला लग्नं एडिट करायची नसतात.

आणि राजारामपुरीत फिरून भाव विचारणं बंद करा. ऑनलाइन घ्या. फारच हौस असेल तर रात्री महालक्ष्मी एक्सप्रेसला बसा, सकाळी मुंबईत उतरून लॅमिंग्टन रोडचा कॉम्प्युटर बाजार गाठा.

कळंब्याची_पोर

आणि बोर्ड बिघडला की परत महालक्ष्मीनंच जायचं का? तिकिटात दुसरा बोर्ड येतोय.

बाकी ६० हजारांचं गणित रॅमनं कधीच मोडलंय. २०२५ च्या शेवटापासून रॅमचे भाव बघितलात का? कारखाने एआयच्या सर्व्हरना माल देण्यात गुंतलेत. रॅम बनवणाऱ्या मायक्रॉननं तर डिसेंबर २०२५ मध्ये क्रुशल हा आपल्यासारख्यांसाठीचा ब्रँडच गुंडाळतो म्हणून जाहीर केलं. एएमडीच्या एएम५ बोर्डांवर महागड्या डीडीआर५ रॅमशिवाय गत्यंतर नाही, म्हणून कमी पैशात तो हट्ट नको. मी २०१९ ला घेतलेल्या एएमडीच्या बी४५० बोर्डावर बायोस (बोर्डातलं सॉफ्टवेअर) अपडेट करून आज रायझन ५ ५६०० चालवतो. तो प्रोसेसर आला २०२२ ला. इंटेलवाल्यांनी एवढ्यात किती बोर्ड बदलले ते स्वतःच मोजावं.

पुण्यातला_कोल्हापुरी

झालं. आता एएमडी-इंटेल म्हणजे शाहू स्टेडियमवरची पेठांची मॅच. गोल कुणीही मारो, शेवटी खुर्च्याच फुटणार.

निवृत्त_मास्तर

मी मधे बोलू नये, पण ६० हजार रुपये खेळण्यासाठी? एवढ्यात म्हैस येते.

गंगावेस_गेमर

मास्तर, ६० हजारांत आता म्हशीचं मागलं अर्धंच येतंय. शेणाकडचं.

वाइंडिंगवाला

दोन दिवस नुसता वाचतोय. उद्यमनगरात २२ वर्षं जळलेल्या मोटारींचं वाइंडिंग भरतोय. कॉम्प्युटरातलं मला फार कळत नाही, पोराचा आहे घरात. पण तिकटीवरचा सॉकेट म्हणाला आणि पुढं गेला, म्हणून लिहितो. तुमच्यापैकी किती जणांच्या तिसऱ्या पिनेला खरोखर अर्थ, म्हणजे गळकी वीज जमिनीत नेणारी वायर, आहे?

पेठेतल्या जुन्या घरांत अर्थिंग नळाच्या लोखंडी पाइपला बांधलेली असायची. पुढं नळ बदलले, प्लास्टिक आलं. वायर तिथंच, पाइप गायब. कुणाला पत्ता नाही. दिवे लागतात, पंखा फिरतो, मग बिघडलंय कुठं?

कॅबिनेटच्या पत्र्याला उघडा हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर समजा अर्थ नाही. एसएमपीएसच्या तोंडाशी फिल्टरचे कपॅसिटर असतात, ते गळती अर्थला पाठवतात. अर्थच नसेल तर पत्रा निम्म्या व्होल्टेजवर तरंगत राहतो, ११५ च्या आसपास. मग टीव्हीची एचडीएमआय वायर चालू पीसीला खुपसलीत की ठिणगी, आणि पोर्ट बाद. माझ्या पोराचा असाच गेला. दुकानदार म्हणाला कार्ड खराब. कार्ड नव्हतं खराब, माझं घर खराब होतं. मी २२ वर्षं लोकांच्या मोटारींची अर्थ तपासतोय आणि घरात ही गत.

गंगावेस_गेमर

काका, झिणझिण्या सगळ्यांच्याच कॅबिनेटला येतात. पायात चप्पल घालायची. आणि ११५ व्होल्ट असते तर हे लिहायला मी उरलो असतो का?

वाइंडिंगवाला

व्होल्ट नाही, करंट मारतो. त्या कपॅसिटरमधनं एक मिलीअँपियरच्या आतलंच येतंय, म्हणून नुसत्या मुंग्या. उद्या आत एखादी वायर सोलून पत्र्याला टेकली तर मिली शब्द गळून पडतो. मग चप्पल कुठली आहे यावर सगळं अवलंबून.

शाहूपुरी_भाडेकरू

आमच्याकडं हीच तक्रार होती. घरमालकाला सहा महिने सांगितलं, तो म्हणाला आधीच्या भाडेकरूला कधी काही झालं नाही. शेवटी त्याचा वायरमन आला आणि सॉकेटच्या आतच न्यूट्रलवरनं तिसऱ्या पिनेला एक तुकडा मारून गेला. झिणझिण्या बंद. पाच मिनिटांचं काम, दोनशे रुपये. उगाच खड्डे खणायला कशाला पाहिजेत?

वाइंडिंगवाला

तो तुकडा आजच्या आज काढून घे. आजच. न्यूट्रल कुठंतरी सैल झाली, बोर्डात, मीटरपाशी, खांबावर कुठंही, की तुझ्या पीसीच्या पत्र्यावर सरळ २३०. त्या सॉकेटला फ्रिज असेल तर फ्रिजच्या दारावर २३०. त्या वायरमनला माझ्याकडं पाठव, दोनशे रुपये मी परत देतो.

शाहूपुरी_भाडेकरू

काढतो. पण मग झिणझिण्या परत. घरमालक खड्डा काढू देत नाही, फरशी नवीन घातलीय म्हणे. भाड्याच्या घरात माणसानं करायचं काय? डिपॉझिट घेताना सगळे गोड बोलतात. गेल्या पावसात भिंत ओली झाली तर मला म्हणाला, तुमचं एसीचं पाणी. माझ्याकडं एसी नाही!

वाइंडिंगवाला

फरशी नको फोडूस. मागच्या बोळात, परसात कुठंही ओल धरणारी जागा बघ. जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पाइप पूर, भोवती कोळसा-मीठ, आणि उन्हाळ्यात आठवड्याला बादलीभर पाणी. पावसाळ्यात चांगली वाटणारी अर्थ मे महिन्यात झोपते. तेही जमत नसेल तर मेनला ३० मिलीअँपियरचा आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) तरी बसव. पीसीला नाही, तुला वाचवायला.

पुण्यातला_कोल्हापुरी

पोरानं ग्राफिक कार्ड विचारलं होतं. आपण कोळसा आणि मिठावर आलोय. पुढच्या उत्तरात हळद-कुंकू.

गंगावेस_गेमर

तेच म्हणतोय. मोटारी गुंडाळणाऱ्यांनी मोटारी गुंडाळाव्यात. मी विचारतो फ्रेम किती मिळतात आणि उत्तर काय, तर खड्डा खण.

वाइंडिंगवाला

बरोबर आहे. आम्ही गुंडाळणारेच. जळलेली वस्तू शेवटी आमच्याच टेबलावर येती आणि आणणारा पहिलं वाक्य हेच बोलतो, “तीन वर्षं काय झालं नव्हतं.” तुझ्यापेक्षा मोठ्या वयाचा पोरगा आहे मला, म्हणून गप्प बसतो.

तिकटीवरचा

गेमर, भाषा सांभाळ. आणि काका, तुम्ही मनावर घेऊ नका. खरं तर धागा माझा होता, एसएमपीएसवर. पण कळंब्याच्या ताईंचं एक मान्य, यूपीएस बदलायचं लिहायला पाहिजे होतं. माझा स्वतःचाच भारी एसएमपीएस घेतल्यावर पीसी ६०० व्हीएच्या यूपीएसवर टिकला नव्हता. लाजेनं लिहिलं नाही.

कळंब्याची_पोर

लाजेनं! स्क्रीनशॉट काढून ठेवतो हा.

निवृत्त_मास्तर

आमच्या घरी फ्रिजला अशाच मुंग्या येतात. बारा वर्षं झाली. सौ. फडक्यानं दार उघडते. मला वाटायचं तिची सवय आहे. काका, मीटर कसा लावायचा ते लिहाल का?

वाइंडिंगवाला

मास्तर, मल्टीमीटर एसी व्होल्टवर ठेवा. फेज-न्यूट्रल २३० च्या आसपास. फेज-अर्थ जवळजवळ तेवढंच यायला पाहिजे. न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. फेज-अर्थला आकडा भलताच कमी आला किंवा नाचायला लागला तर अर्थ नाही. हात थरथरत असेल तर स्वतः करू नका, मी येतो. चहा पाजा.

गंगावेस_गेमर

शेजाऱ्याकडनं मीटर आणला. कुणासाठी नाही, मास्तरांची म्हैस वाचवायला.

फेज-न्यूट्रल २३१. फेज-अर्थ ८० ते १०० मध्ये नाचतोय, एका जागी थांबतच नाही.

मेन बंद करून सॉकेटचा बोर्ड उघडला. तिसऱ्या पिनेसाठी हिरवी वायर आहे. भिंतीतनं आलीय, पण पिनेपर्यंत पोचलेलीच नाही. मधे कापून, टोकाला टेप गुंडाळून आत कोंबलीय. टेप जुनी आहे, कडक झालीय. बरं, काका बरोबर होते, झालं समाधान? एसएमपीएस पण पगार झाल्यावर बदलतो. यूपीएस घेणार नाही. आता ही वायर सोलून पिनेला जोडतो आणि विषय संपवतो.

वाइंडिंगवाला

जोडू नकोस. थांब.

हिरवी वायर कुणी उगाच कापून टेप लावत नाही. कधीतरी त्या वायरीतनंच कुणाला तरी झटका बसला असणार, म्हणून तोडलीय. वरच्या मजल्यावर गिझर कुणाचा आहे?

गंगावेस_गेमर

चुलत्यांचा. जुना आहे.

वाइंडिंगवाला

त्यांना सांग, मी येईपर्यंत आंघोळीला बंबच पेटवा. संध्याकाळी सातला दुकान बंद करून येतो. पत्ता पाठव.