मदत हवी आहे: डमी ट्रॅफिक चालू असताना मॉड्यूल काढलं की मशीन अडकते

नमस्कार मंडळी. नागपुरात एका लहान टीमसाठी टनेल इंटरफेसचा लिनक्स ड्रायव्हर लिहितोय, कर्नल 6.1. ट्रॅफिक चालू असताना मॉड्यूल (कर्नलमध्ये लोड केलेला हा ड्रायव्हर) काढलं की आरएममॉड ही काढण्याची कमांड लटकते आणि दर 10 सेकंदांनी तोच मेसेज येतो: 'अनरजिस्टर नेटडिव्हाइस, वेटिंग... युसेज काउंट = 3'. या कर्नलमध्ये काउंट 1 उरला की सुटका होते, म्हणजे दोन रेफरन्स (डिव्हाइस अजून वापरात असल्याच्या नोंदी) कोणीतरी धरून बसलंय.

एक सापडला. इंडेक्सवरून डिव्हाइस शोधणारं फंक्शन काउंट वाढवून देतं आणि माझ्या एरर पाथमध्ये काउंट परत कमी करणारं 'डेव्ह पुट' नव्हतं. चूक माझीच. आता काउंट 2 वर अडकतो.

दुसऱ्यासाठी संशय वर्कक्यूवर, म्हणजे नंतर करायच्या कामांच्या रांगेवर आहे. काम रांगेत टाकताना मी होल्ड घेतो (काउंट वाढवतो) आणि काम संपल्यावर कामाच्या फंक्शनमध्येच पुट करतो. इंटरफेस बंद करताना 'कॅन्सल वर्क सिंक' आहे, ते रांगेतलं काम रद्द करतं. पण काम सुरू होण्याआधीच रद्द झालं तर पुट करणार कोण? ट्रॅफिक नसताना सगळं गुमान निघतं, म्हणून इथेच पाणी मुरतंय असं वाटतं.

'कॅन्सल वर्क सिंक' 'ट्रू' देईल (म्हणजे काम रांगेत होतं) तेव्हा तिथेच पुट करणं बरोबर आहे का? अडचण अशी की काम कधीकधी स्वतःलाच परत रांगेत टाकतं. मग पुट दोनदा होऊन काउंट खाली गेला, तर आगीतून फुफाट्यात!

रेफरन्स कोणी धरलाय ते दाखवणारा रेफरन्स ट्रॅकर चालू केला, पण साधा 'डेव्ह होल्ड' त्यात मालकाविना दिसतो. सगळीकडे मालकाची नोंद ठेवणारा 'नेटडेव्ह होल्ड' लावण्याआधी विचारून घ्यावं म्हटलं. रात्री उशिरापर्यंत जागाच आहे, या उकाड्यात तसंही झोप कोणाला लागते भाऊ!