मदत हवी आहे: गोठवलेल्या एमएससी (मेसेन्कायमल मूलपेशी) आमच्याकडे ठणठणीत, क्लिनिकल चाचणी केंद्रावर मात्र ६५ टक्केच जिवंत

नाळ_ते_बॅच
व्हार्टन्स जेलीच्या (नाळेतल्या जेलीसारख्या ऊतीच्या) पेशी, पॅसेज ४ (चौथ्यांदा नव्या भांड्यात वाढवलेल्या), व्हायलमध्ये मिलिलिटरला ५० लाख, १० टक्के डीएमएसओ (गोठताना पेशी वाचवणारं द्रावक). उणे ८० च्या फ्रीझरमध्ये मिस्टर फ्रॉस्टीत (हळूहळू गार करणारा, अल्कोहोल भरलेला डबा) गोठवून मग द्रव नायट्रोजनच्या टाकीत. आमच्याकडे थॉ केल्यावर (वितळवल्यावर) ट्रिपॅन ब्लूने (मेलेल्या पेशी रंगवणारा रंग) जिवंत पेशी ९० टक्क्यांच्या वर. ड्राय शिपरने (द्रव नायट्रोजन शोषून थंड राहणारं वाहतुकीचं पात्र) केंद्रावर गेल्या की ६५. निकष ७० चा आहे. शिपरचा लॉगर (तापमान नोंदवणारं यंत्र) पूर्ण वेळ उणे १५० खाली. डीएमएसओ ५ टक्क्यांवर आणावं का?

गोठणबिंदू
डीएमएसओला हात लावू नका. फॉर्म्युला बदलला की स्थिरता चाचण्या पहिल्यापासून, शिवाय सीडीएससीओला (केंद्रीय औषध नियामकाला) दिलेल्या अर्जात तो लिहिलेला असणार. लॉगर साफ आहे म्हणजे वाटेत काही झालेलं नाही, दोन टोकं बघा. एक, टाकीतून रॅक वर काढून व्हायल शोधण्यात किती वेळ जातो? एक मिलिलिटरची व्हायल बाहेर भराभर तापते. उणे १३५ च्या वर गेली की बर्फाचे स्फटिक पुन्हा वाढू लागतात, आणि हे शिपरच्या लॉगरवर उमटत नाही. दोन, केंद्रावर थॉ ते मोजणी किती मिनिटं?

नाळ_ते_बॅच
विचारलं. थॉ वॉर्डात, मोजणी खालच्या मजल्यावर. पाऊण तास, पातळ न करता.

गोठणबिंदू
मग संशय तिथेच. एकाच बॅचच्या तीन व्हायल थॉ करा, पातळ न करता ०, २० आणि ४५ मिनिटांनी मोजा. तिसरी ६५ च्या आसपास आली तर चोर सापडला. नाही आली तर व्हायल टाकीबाहेर दोन-तीन मिनिटं ठेवून परत आत टाका आणि मग थॉ करून बघा.

केंद्राला लेखी कृती द्या: ३७ अंशांवर हलकेच फिरवत बर्फाचा लहान खडा उरेपर्यंतच, मग लगेच बाहेर. तेवढ्याच आकारमानाचं अल्ब्युमिन घातलेलं सलाइन थेंबथेंब, काही मिनिटं घेऊन, उरलेलं नंतर. एकदम ओतलं तर डीएमएसओने भरलेल्या पेशीत पाणी घुसतं, ती फुगते आणि फुटते. इथे घाई करणारे खूप.

शीतसाखळी
एक भर. तुमच्या ९० वरही फार विसंबू नका. ट्रिपॅन ब्लू फक्त फाटलेलं आवरण दाखवतो. गोठवण्याने मरणपंथाला लागलेल्या पेशी काही तासांनी मरतात. थॉ केलेल्या पेशी प्लेटवर टाकून २४ तासांनी किती चिकटल्या ते मोजा, जोडीला ॲनेक्झिन व्ही (मरायला लागलेल्या पेशी ओळखणारी चाचणी).

मिस्टर फ्रॉस्टीतलं आयसोप्रोपाइल अल्कोहोल दर पाच वापरांनंतर बदलता ना? आणि शुक्रवारी उणे ८० मध्ये ठेवलेल्या व्हायल सोमवारपर्यंत तिथेच राहत असतील तर ते आधी बंद करा, दुसऱ्याच दिवशी टाकीत गेल्या पाहिजेत. पुढे बॅगेत जाणार असाल तर हा डबा चालणार नाही, कंट्रोल्ड रेट फ्रीझर (ठरवलेल्या वेगाने गार करणारं यंत्र) लागेल.

नाळ_ते_बॅच
अल्कोहोल बदलल्याची नोंदच नाही. तीन व्हायल सोमवारी काढतोय, आकडे इथेच टाकतो. केंद्रावर हाताने मोजतात, आमच्याकडे यंत्र आहे. त्याने फरक पडेल?

शीतसाखळी
पडतो, विशेषतः गुठळ्या असतील तर. त्या तीन व्हायल दोन्ही पद्धतींनी मोजा.