मदत हवी आहे: मुळं वाळतच नाहीयेत, टिंक्चर आजच घालू का?

रानवेडी:
नऊ दिवस झाले मुळं वाळत घालून. वरून सुरकुतलीत, हलकीही झालीत, पण मोडायला गेलं की वाकतात. बरणी धुऊन तयार आहे, टिंक्चर म्हणजे मुळांचा अर्क उतरवायला अल्कोहोलही आहे. आज भिजत घातली तर चालतील का? जरा लवकर सांगा, प्लीज.

कुंडीवाला:
कसली मुळं? अख्खी की चिरून? अल्कोहोल किती टक्क्यांचं?

बटवा:
टिंक्चरच्या भानगडीत पडूच नका, आसव करा. गूळ आणि धायटीची फुलं घालून महिनाभर मुरू द्या, मद्यार्क आपोआप तयार होतो. मी कायम असंच करतो.

रानवेडी:
आसव नकोय हो. शतावरी आहे, कुंडीतलीच. धुऊन अख्खी सावलीत पसरलीत. अल्कोहोल ४० टक्के.

सावली:
अख्खी, तिथेच अडलंय. शतावरीचं मूळ रसाळ. साल आधी आवळते आणि आतलं पाणी आतच कोंडतं. मी मुळं काही मिनिटं उकळत्या पाण्यात टाकते, साल नखाने सुटते. मग मधली दोरीसारखी शीर ओढून काढायची, उभं चिरायचं आणि बारीक तुकडे सुटे सुटे पसरायचे. वाळलेला तुकडा कडकन मोडतो. वातड लागला तर अजून ओला आहे.

ऊनवारा:
सावलीत कुजतील. सरळ कडक उन्हात टाका.

सावली:
वेखंड उन्हात टाकून बघा, वास उडून जातो.

ऊनवारा:
विषय शतावरीचा आहे, वेखंडाचा नाही.

कुंडीवाला:
दोघंही थांबा. चिरलेल्या तुकड्यांना ४० अंशांच्या आसपासची ऊब आणि खेळती हवा मिळाली की झालं. रोज वजन करा, दोन दिवस सारखं भरलं की वाळलं. आणि ताई, अर्धवट ओल्या मुळाचं प्रमाणच धरता येत नाही. वाळलेल्याला १ भाग मूळ, ५ भाग अल्कोहोल धरतात. ओल्याला १ भाग मूळ, २ भाग अल्कोहोल, पण तिथे ९५ टक्क्यांचं लागतं, कारण मुळातलं पाणी त्यात उतरतं. तुमचं ४०चं तिशीच्या खाली जाईल.

नवखा:
जखमेवर लावायचं स्पिरिट चालतं का?

कुंडीवाला:
अजिबात नाही! पोटात घ्यायचं ते नव्हे, विष आहे.

सावली:
ताई, एवढी घाई कशाची? कोणासाठी करताय?

रानवेडी:
बहीण रविवारी बाळाला घेऊन येतेय, दीड महिन्याचं आहे. तिला दूध कमी येतं म्हणून.

सावली:
मग टिंक्चर नकोच. अल्कोहोल दुधात उतरतं. तिच्या डॉक्टरांना आधी विचारा. ते हो म्हणाले तर नीट वाळवून चूर्ण करा.

बटवा:
आसवही देऊ नका मग. माझं वरचं मागे घेतो.

रानवेडी:
हे लक्षातच आलं नव्हतं. आत्ता एक मूळ चिरलं. मधल्या शिरेलगत काळपट रेघ आहे, आंबूस वास येतोय. तेवढं कापून बाकीचं वापरू?

कुंडीवाला:
नको. दिसते तेवढीच बुरशी नसते. बाकीचीही चिरून बघा, वास आला की टाका. बाळंतिणीच्या बाबतीत जोखीम नको.

रानवेडी:
अकरापैकी चारच स्वच्छ निघाली. साल काढतेय.

ऊनवारा:
वरचा कोंबाचा गड्डा ठेवलात ना? तो लगेच कुंडीत लावा, पुन्हा फुटेल.