मदत हवी आहे: स्पॅनिश पत्रात कौतुकासाठी कोणता शब्द योग्य?

सोलापुरात आमचा टॉवेल आणि वॉल हँगिंगचा छोटा कारखाना असून, स्पेनमधील वालेन्सियाच्या एका ज्येष्ठ डिझायनर बाईंनी पाठवलेल्या मोराच्या नक्षीबद्दल त्यांना स्पॅनिशमध्ये दोन ओळींचे आभारपत्र पाठवायचे आहे.

भाषांतराचे अ‍ॅप दर वेळी ‘एक्सेलेन्ते’ (उत्कृष्ट) सुचवते. तो शब्द चुकीचा नाही, पण वहीवरच्या शेऱ्यासारखा कोरडा वाटतो. शब्दकोशात ‘सोब्रेसालिएन्ते’ सापडला, मात्र स्पेनमध्ये परीक्षेतील वरच्या श्रेणीलाही तेच म्हणतात, त्यामुळे आपण बाईंना गुण देत आहोत असा समज होण्याची भीती वाटते. ‘पाद्रे’ आणि ‘चिदो’ हे मेक्सिकोच्या बोलीतले, तर ‘ग्वाय’ स्पेनमधला असला तरी आपल्या ‘लई भारी’च्या जातीचा, म्हणून ते तिन्ही बाजूला ठेवले आहेत. ‘दिसेन्यो’ (डिझाइन) हा शब्द पुल्लिंगी असल्याने त्याच्यासोबत ‘माग्नीफिको’ (अप्रतिम) येईल, ‘माग्नीफिका’ नव्हे, एवढे व्याकरण पाहून घेतले आहे. संबोधनही आदरार्थी ‘उस्तेद’ असेच राहील.

आता ‘माग्नीफिको’ आणि ‘एक्सकिसितो’ (अतिशय नाजूक, सुरेख) एवढेच दोन शब्द उरले आहेत. बारीक रेषांच्या नक्षीला यांपैकी कोणता अधिक शोभेल, आणि ‘एक्सकिसितो’ म्हटल्यावर स्पेनच्या माणसाला आधी चविष्ट जेवणच आठवते का?