पाहुण्यांना मुंबई दाखवायची ती बसने की पायी?

पायवाट (धागाकर्ता):
गावाहून पाहुणे आले की त्यांना ‘मुंबई दर्शन’च्या बसमध्ये बसवून मोकळे व्हायचे, ही आपली जुनी रीत आहे. माझ्या मते या रीतीत पाहुण्यांपेक्षा यजमानांचीच सोय अधिक पाहिली जाते. गेटवे, हँगिंग गार्डन, हाजी अली, जुहू असे थांबे दिवसभरात उरकले जातात आणि बराचसा वेळ वाहतुकीच्या कोंडीत जातो. त्याऐवजी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून गेटवेपर्यंतचा दोन-अडीच किलोमीटरचा पट्टा सावकाश पायी पाहावा, असे मला वाटते.

फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांनी आराखडा केलेले हे स्थानक १८८८ मध्ये पूर्ण झाले आणि समोरची महापालिकेची इमारतही त्यांचीच आहे. स्थानकाच्या फाटकाच्या खांबांवर एकीकडे सिंह आणि दुसरीकडे वाघ बसलेला आहे. एक ब्रिटनचे प्रतीक, दुसरे हिंदुस्थानचे. भिंतींवरच्या नक्षीकामात जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांचा हात आहे. धावत्या बसच्या खिडकीतून यातले काय दिसणार? पुढे ओव्हल मैदानात उभे राहावे. पूर्वेला उच्च न्यायालय, विद्यापीठ आणि राजाबाई टॉवर यांची गॉथिक रांग, तर पश्चिमेला १९३० च्या दशकातल्या, गोलाकार सज्जांच्या आर्ट डेको इमारती. युनेस्कोने २०१८ मध्ये या दोन्ही बाजूंना मिळून जागतिक वारसा ठरवले.

सातारकर:
आपले विवेचन माहितीपूर्ण आहे. मात्र ते आपल्या आवडीचे आहे, पाहुण्यांच्या नव्हे. माझे आईवडील प्रथमच मुंबईत आले, तेव्हा त्यांना समुद्र, गेटवे आणि सिद्धिविनायक पाहायचे होते. राजाबाई टॉवरचा आराखडा कोणी केला याच्याशी त्यांना काही देणेघेणे नव्हते. ठरलेल्या पैशांत बसायला जागा मिळते, रस्ता चुकत नाही आणि रात्री गावी फोन करून “सगळी मुंबई पाहिली” असे सांगता येते, हे समाधान आपण क्षुल्लक का मानता? मे महिन्याच्या उकाड्यात गुडघे दुखणाऱ्या माणसाला नक्षीकाम दाखवत चालवणे याला मी पाहुणचार म्हणणार नाही.

पायवाट:
उकाड्याचा मुद्दा मान्य. मे महिन्यात सकाळी लवकर निघावे. परंतु फ्लोरा फाउंटनजवळचे हुतात्मा स्मारक आपण कसे विसरता? मशाल धरलेले शेतकरी आणि कामगार तिथे उभे आहेत. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी याच परिसरात संयुक्त महाराष्ट्रासाठी निघालेल्या मोर्चावर गोळीबार झाला. साताऱ्याहून आलेल्या माणसाने तिथे पाच मिनिटे थांबावे, असे आपल्याला वाटत नाही का?

गेटवेचेही तसेच. पंचम जॉर्ज बादशहा डिसेंबर १९११ मध्ये आला, तेव्हा ही कमान उभीच नव्हती. ती १९२४ मध्ये पूर्ण झाली. आणि १९४८ च्या फेब्रुवारीत ब्रिटिश फौजेची अखेरची तुकडी याच कमानीखालून परत गेली. एवढे सांगायला सोबत कोणीतरी जाणता हवा. बसमधल्या ध्वनिक्षेपकावर छायाचित्रे काढून किती मिनिटांत परतायचे तेवढेच ऐकू येते.

बोरिवलीकर:
आपणा दोघांची मुंबई दादरच्या पुढे सरकतच नाही, ही गंमत आहे. राष्ट्रीय उद्यानातल्या कान्हेरीत शंभराहून अधिक लेणी आहेत. तिथल्या कातळात खोदलेले पन्हळ पावसाचे पाणी पोढ्यांकडे, म्हणजे कातळातल्या पाण्याच्या टाक्यांकडे, कसे नेतात, हे पावसाळ्यात प्रत्यक्ष पाहता येते, तर त्याच दिवसांत घारापुरीच्या (एलिफंटा बेटाच्या) लाँचचा मात्र भरवसा नसतो. सोमवारी दोन्ही ठिकाणची लेणी बंद असतात, एवढे लक्षात ठेवावे.

भायखळा:
घारापुरीला गेलेले पाहुणे हमखास विचारतात, की इथला दगडी हत्ती कुठे आहे. तो भायखळ्याला राणीच्या बागेत, भाऊ दाजी लाड संग्रहालयाशेजारी आहे. १८६४ मध्ये त्याला इंग्लंडला नेण्याच्या खटपटीत तो उचलताना कोसळून फुटला आणि पुढे १९१४ मध्ये तुकडे जोडून पुन्हा उभा केला गेला. मुलांना पेंग्विन दाखवायला जाणारे शेकडो लोक त्याच्याकडे न पाहताच पुढे जातात. (बुधवारी बाग बंद.)

सातारकर:
हुतात्मा चौकाबाबत मी निरुत्तर आहे. बसने तिथे थांबायलाच हवे. तरीही मूळ प्रश्न उरतोच. सत्तरीच्या माणसाने आपल्या या वाटेवर बसायचे कुठे आणि स्वच्छतागृह शोधायचे कुठे?

पायवाट:
हॉर्निमन सर्कलच्या बागेत झाडांखाली बाके आहेत आणि ती वाटेवरच आहे. स्वच्छतागृहासाठी स्थानकातूनच सोय करून निघावे, कारण पुढे खरोखरच हाल होतात. वयस्कर पाहुणे असतील तर हुतात्मा चौकापासून गेटवेपर्यंत टॅक्सी करावी, एवढी सवलत मी देतो. जुहूला मात्र माझा विरोध कायम आहे. समुद्रच पाहायचा, तर संध्याकाळी मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर बसावे. त्यासाठी पाहुण्यांना कोंडीतून उपनगरापर्यंत नेण्याचे काहीच कारण नाही.