पाळी जाऊन सात वर्षं झाली, आता डाग आणि पॉलिप. पिशवीच काढावी का?

वय ५९. मागच्या महिन्यात दोनदा अंगावर रक्ताचे डाग गेले, नखाएवढेच. मूळव्याध असेल म्हणून मी आठवडाभर गप्प बसले. मग आतून सोनोग्राफी झाली: पिशवीचं अस्तर ९ मिमी आणि आत पॉलिपची, म्हणजे अस्तरातून वाढलेल्या मांसल कोंबाची, शंका. डॉक्टरीणबाई म्हणतात, दुर्बिणीतून काढू आणि तपासायला पाठवू. जाऊबाई म्हणतात, आता त्या पिशवीचं काम काय उरलंय, सगळीच काढून टाक! रिपोर्ट उशीखाली घेऊन झोपते, वेडेपणाच म्हणा. कुणाला अनुभव आहे का?

—

ताई, माझंही असंच झालं. आधी नुसतं क्युरेटिंग केलं, म्हणजे पिशवीचं अस्तर आतून खरवडून काढलं, रिपोर्ट चांगला आला. तीन महिन्यांनी पुन्हा डाग. दुर्बिणीतून पाहिलं तर पॉलिप जागच्या जागी! क्युरेटिंग न बघता, अंदाजाने होतं. देठावर लोंबणारा पॉलिप त्यातून निसटतो. दुसऱ्या वेळी बघून मुळापासून काढला. सकाळी दाखल झाले, संध्याकाळी घरी. या वयात पिशवीचं तोंड आवळलेलं असतं, ते रुंद करायलाच वेळ गेला म्हणे. नंतर दोन दिवस ओटीपोटात कळा आल्या, बस.

—

मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. पाळी गेल्यावर एकदा जरी डाग गेला तरी तपासायचंच. तेव्हा अस्तर ४ मिमीपेक्षा जास्त असेल तर पुढची तपासणी लागते. बहुतेक पॉलिप साधे असतात, पण डाग जात असतील तर कॅन्सरची शक्यता थोडी वाढते, म्हणून काढलेला तुकडा पॅथॉलॉजीला जायलाच हवा. साध्या पॉलिपसाठी पिशवी काढत नाहीत. पेशी बिघडलेल्या निघाल्या तर तो विषय वेगळा. वजन, बीपी, साखर? टॅमॉक्सिफेन कधी घेतलीत?

—

हो! स्तनाच्या कॅन्सरनंतर पाच वर्षं रोज घेतली, बंद होऊन तीन वर्षं झाली. तिचा पिशवीशी काही संबंध असेल हे डोक्यातच आलं नाही. डॉक्टरीणबाईंनाही सांगितलेलं नाही.

—

आजच सांगा. त्या गोळीने पॉलिप होऊ शकतात. अस्तर सोनोग्राफीत उगाच जाडही दिसतं, त्यामुळे नुसत्या आकड्यावर विसंबता येत नाही. दुर्बीण हाच मार्ग. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर तेही सांगा, पण स्वतःहून बंद करू नका.

—

फोन केला. जुनी फाईल घेऊन बोलावलंय. जाऊबाईंना अजून काही बोलले नाही.